टायमिंग बेल्ट आणि भरवशाचा मेस्त्री: कोकणातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

महाड-पोलादपूरपासून खाली सावंतवाडीपर्यंतच्या गाडीवाल्यांकडून जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. आधी साधे, मग अडचणीचे. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा नको म्हणून मधेमधे "अमुक प्रश्न बघा" असं लिहिलंय, तेवढं सांभाळून घ्या.

१. टायमिंग बेल्ट म्हणजे तोच ना, जो पावसात चीं चीं करतो?

नाही. पावसात ओरडतो तो बाहेरचा, ज्याला आपण फॅन बेल्ट म्हणतो, तो अल्टरनेटर, एसी वगैरे फिरवतो. तो तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो, काही गाड्यांत इंजिन तापतं, पण वेळेत थांबलात तर थोडक्यात निभावतं. टायमिंग बेल्ट आत असतो, प्लास्टिकच्या कव्हरमागे, त्याला दात असतात, आणि खालचा क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि वरचा कॅम (व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातल्या झडपा, उघडणारा दांडा) यांना तो एका तालात फिरवतो, क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. हा ताल बिघडला तर बहुतेक इंजिनांत वर आलेला पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला जाऊन धडकतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. म्हणून सगळी काळजी याची. गॅरेजमध्ये नुसतं "बेल्ट बदलला" एवढंच सांगितलं तर कुठला बेल्ट ते विचारा, कारण फॅन बेल्ट बदलून "झालाय की बेल्ट" सांगितल्याच्या तक्रारी खरंच येतात.

२. माझ्या गाडीला बेल्ट आहे की चेन, कसं कळणार?

गाडीच्या नावावरून नाही, इंजिनावरून कळतं. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या गाड्यांपुरतं सांगायचं तर मारुती ८००, अल्टो ८००, ओम्नी यांना बेल्ट. सँट्रो झिंग आणि आय-टेन १.१ ला बेल्ट, पण आय-टेन १.२ कप्पाला चेन. डस्टर, टेरानो, सनी, मायक्रा या सगळ्यांचं १.५ डिझेल एकच, बेल्टवालं. पोलो, व्हेंटो, रॅपिडचं डिझेल बेल्ट, नवीन १.० टीएसआय पण बेल्ट. फिगो, फिएस्टाचं १.४ डिझेल आणि इकोस्पोर्टचं १.५ डिझेल बेल्ट. हॅरियर आणि कंपासचं २ लिटर डिझेल बेल्ट. जुनी इंडिका डिझेल बेल्ट, क्वालिस बेल्ट, इनोव्हा २.५ बेल्ट.

चेनवाल्यांत स्विफ्ट-डिझायरचं १.३ डिझेल, मारुतीची के-सिरीज पेट्रोल आणि इनोव्हा क्रिस्टा २.४. चेन ठरावीक किलोमीटरला बदलायची नसते, पण ऑइल वेळेवर बदललं नाही तर ती पण ढिली होते आणि सकाळी स्टार्टला खडखड करते. तर क्रिस्टावाल्याला कोणी "टायमिंग बेल्ट आला बदलायला" म्हणालं तर तिथून सरळ गाडी काढा.

३. किती किलोमीटरला बदलायचा?

गाडीसोबत आलेल्या पुस्तकात असतं तेच खरं. ढोबळ सांगायचं तर ६० हजारापासून दीड लाखापर्यंत, इंजिनाप्रमाणे बदलतं. पण किलोमीटरसोबत वर्षंपण दिलेली असतात आणि ती कोणी वाचत नाही. रबर उभ्या गाडीतपण म्हातारं होतं. दोन्हीपैकी जे आधी येईल ते धरा. आपल्याकडे घाट, हायवेच्या कामाची वर्षानुवर्षांची धूळ, जांभ्याची लाल माती आणि उंदीर, हे सगळं असताना शेवटच्या किलोमीटरपर्यंत ताणण्यात काही कमाई नाही, थोडा आधीच करा.

इनोव्हा २.५ वाल्यांसाठी वेगळं: मीटरवर टी-बेल्टचा दिवा लागतो तो किलोमीटर मोजून लागतो, बेल्ट तपासून नाही. म्हणजे कोणीतरी दिवा नुसता रिसेट करून ठेवलेला असू शकतो. सेकंड हँड इनोव्हा घेताना दिवा बंद आहे म्हणून खूश होऊ नका, प्रश्न १४ बघा.

४. गाडी मस्त चालतेय, आमचा मेस्त्री म्हणतो "काय होवचा नाय, चलांदे". थांबू का?

नका थांबू. टायमिंग बेल्ट जाताना बहुतेक वेळा सांगून जात नाही. पिकअप तोच, ॲव्हरेज तोच, आणि एक दिवस इंजिन चालता चालता बंद. कधीकधी खुणा दिसतात, म्हणजे वरचं कव्हर उघडून बघितलं तर दातांच्या मुळाशी भेगा, कडेचे धागे निघालेले, पाठीवर चकाकी, किंवा ऑइलने ओला झालेला बेल्ट. ओला बेल्ट दिसला तर किलोमीटर बघायचंच नाही, कॅम किंवा क्रँकचं सील गळतंय, दोन्ही बदलायचं. पण उलटं खरं नाही, बेल्ट दिसायला नवा आहे म्हणून चांगला आहे असं होत नाही, आतल्या दोऱ्या बाहेरून दिसत नाहीत. आणि बऱ्याचदा बेल्ट ठीक असतो, जाम होतो तो टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) नाहीतर वॉटर पंपचं बेअरिंग, आणि ते बेल्टला घेऊन जातं. त्या बाजूने घरघर किंवा शिट्टीसारखा बारीक आवाज येत असेल तर लगेच दाखवा.

५. खर्च किती येतो?

अंदाज देतो, भाव गावागणिक आणि पार्टच्या कंपनीगणिक बदलतो. छोट्या पेट्रोल गाडीचं काम लोकल मेस्त्रीकडे दोन ते पाच हजारात बसतं. डिझेलला बेल्ट, टेन्शनर, आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली), वॉटर पंप, कूलंट आणि मजुरी धरून आठ-दहा हजारापासून पंधरा-वीसपर्यंत जातं, फोक्सवॅगन-स्कोडा, हॅरियर-कंपास अजून वर जाऊ शकतात. बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकले तर हाच आकडा कितीतरी पट होतो, कारण हेड (इंजिनाचा व्हॉल्व्हवाला वरचा भाग) उतरवणं, मशीन शॉप, व्हॉल्व्ह, गास्केट, वर टोइंग, आणि दोन-तीन आठवडे गाडी नाही.

कोट मागताना "टायमिंगचं किती घ्याल" असं विचारलं की प्रत्येक जण वेगळ्या कामाचा भाव सांगतो. एक तीन हजार म्हणतो, दुसरा बारा, आणि आपल्याला वाटतं दुसरा लुटतोय, तर पहिल्याच्या तीन हजारात फक्त बेल्ट असतो. पार्टची यादी एकच ठेवून तिघांना विचारा.

६. फक्त बेल्ट बदलला तर नाही चालत का? बाकी सगळं चांगलंच दिसतंय.

पैशाची खूपच ओढाताण असेल आणि गाडी छोटी पेट्रोल असेल तर निदान बेल्ट आणि टेन्शनर. त्याच्या खाली जाऊ नका. ज्या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो तिथे पंप त्याच वेळी बदलायचा, कारण उद्या पंप गळला तर परत तेवढंच खोलावं लागतं, परत तीच मजुरी, आणि गळणारं कूलंट नव्या बेल्टवर. कॅम आणि क्रँकची ऑइल सील किमतीला किरकोळ असतात, उघडलंय तर बघून घ्या. कूलंट नवीन भरा, कंपनीने सांगितलेल्या प्रकारचं. विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी ओतू देऊ नका, पंप आणि रेडिएटर आतून गंजतात.

७. सर्व्हिस सेंटरला नेऊ की बाहेर?

वॉरंटी चालू असेल तर प्रश्नच नाही, सर्व्हिस सेंटर. वॉरंटी संपली असेल तर मी इंजिन बघून ठरवायला सांगेन. अल्टो, ओम्नी, सँट्रो, इंडिका यांची कामं करून करून इथल्या मेस्त्रींचा हात बसलाय, कुडाळ असो की दापोली, चांगला माणूस मिळतो, उगाच लांब जायची गरज नाही. डस्टर, पोलो, इकोस्पोर्ट, कंपास यांना क्रँक आणि कॅम जागेवर धरून ठेवणारं लॉकिंग टूल लागतं, ते असेल त्याच्याकडेच जा, मग तो सर्व्हिस सेंटरचा असो की बाहेरचा.

जवळ कोणी नसेल तर रत्नागिरीवाले आंबा घाटातून, कणकवलीवाले फोंडा घाटातून कोल्हापूरला जातात, चिपळूणवाले कुंभार्लीने कऱ्हाडला, सावंतवाडीवाले म्हापशाला नाहीतर बेळगावला. डिझेल-टोल आणि दिवस गेला तरी योग्य हाती काम झालं तर परवडतं. एकच सांगणं, किलोमीटर उलटून गेलेल्या बेल्टवर घाट चढून कोल्हापूर गाठायची वेळ आणू नका, मुदत संपायच्या आधीच जा.

फोर्ड आणि शेवरोलेवाल्यांची काळजी वेगळी. शेवरोलेने २०१७ मध्ये भारतात विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथे गाड्या बनवणं बंद करतोय म्हणून जाहीर केलं. बेल्टसारखे पार्ट मिळतात, पण तालुक्याच्या दुकानात तयार नसतात, त्यामुळे आधी पार्ट हातात, मग गाडी उघडायची.

८. भरवशाचा मेस्त्री ओळखायचा कसा? सगळेच म्हणतात "आपलाच माणूस आहे".

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर. आपल्याकडे मेस्त्री ओळखीतून मिळतो, कोणाचा तरी भाचा, वाडीतला, नाहीतर शाळेतला मित्र. ओळख वाईट नाही, पण ओळखीचा अर्थ तो फसवणार नाही एवढाच, त्याला तुमच्या इंजिनाचं टायमिंग जमतं असा नाही. आणि ओळखीत आपण संकोचाने काही विचारत नाही, बिल मागत नाही, नंतर काही झालं तर बोलताही येत नाही. म्हणून ओळखीच्या माणसालाही पुढचे प्रश्न विचाराच, नीट विचारले तर कोणाला राग येत नाही.

"मेस्त्री, ह्या इंजिनाचं टायमिंग तुम्ही शेवटचं कधी केलंत, कोणाच्या गाडीचं?" हा पहिला. ज्याने केलंय तो गाडी सांगतो, गाव सांगतो, बऱ्याचदा फोनमध्ये फोटो दाखवतो. "अहो सगळ्या गाड्या सारख्याच" असं उत्तर आलं तर तिथे ऑइल बदलून घ्या, टायमिंग नको.

"लॉकिंग टूल आहे का, की खुणा मारून करता?" हा दुसरा. खुणा मारून म्हणजे जुन्या बेल्टवर आणि पुलीवर व्हाइटनरचे ठिपके द्यायचे, दात मोजून तेच ठिपके नव्या बेल्टवर घ्यायचे आणि तसाच चढवायचा. पुलीवर कंपनीच्या खुणा असलेल्या साध्या पेट्रोल इंजिनात त्या खुणा जुळवून काम करणं अगदी बरोबर आहे. पण नुसत्या व्हाइटनरच्या भरवशावर डिझेलचं केलं आणि आधीच्याने एक दात चुकवलेला असेल तर ती चूक तशीच पुढे येते.

तिसरा, "वेळ किती लागेल?" छोट्या पेट्रोलला अर्धा दिवस ठीक. डिझेलला दिवस जातो. तासात देतो म्हणणाऱ्यापेक्षा "सकाळी आणा, थंड इंजिनावर करतो, संध्याकाळी न्या" म्हणणारा बरा.

चौथा, "जुने पार्ट परत द्याल ना?" यावर चेहरा बघा.

माणसं कुठे शोधायची? तुमच्याच मॉडेलची टूरिस्ट परवान्याची गाडी चालवणाऱ्यांना विचारा. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ स्टेशनबाहेर उभे असतात त्यांच्या गाड्या वर्षाला भरपूर पळतात, गाडी बंद तर धंदा बंद, त्यामुळे चुकीच्या मेस्त्रीकडे ते दुसऱ्यांदा जात नाहीत. दुसरं ठिकाण स्पेअर पार्टचं दुकान. दुकानदाराला "चांगला मेस्त्री कोण" असं नका विचारू, तो सगळ्यांनाच माल विकतो. "डस्टरचं टायमिंग किट तुमच्याकडून कोण कोण नेतं" असं विचारा, नावं आपोआप येतात. तिसरं, खेर्डी, मिरजोळे किंवा कुडाळ एमआयडीसीत काम करणाऱ्यांना विचारा, तिथल्या लोकांना आसपासची मशीन शॉप आणि चांगले फिटर माहीत असतात. इंटरनेटवरचे तारे शेवटी बघा, त्यातले बरेच पंक्चर आणि वॉशिंगसाठी दिलेले असतात.

आणि थेट टायमिंगच द्यायची गरज नाही. आधी ऑइल सर्व्हिस किंवा ब्रेक पॅडचं छोटं काम देऊन बघा. बोल्ट हाताने सुरू करून मग पाना लावतो का, उघडलेले नट डब्यात ठेवतो की जमिनीवर, सांगितलेला भाव आणि घेतलेला भाव एकच का, एवढ्यावरून पुष्कळ कळतं.

९. पार्ट मी स्वतः आणून दिले तर स्वस्त पडेल का?

थोडं पडेल, पण मेस्त्रीला पार्टवर चार पैसे सुटतात त्यातच त्याची जबाबदारी धरलेली असते. तुम्ही पार्ट आणलात आणि महिन्यात टेन्शनर वाजायला लागला तर तो म्हणणार पार्ट खराब, दुकानदार म्हणणार फिटिंग खराब, आणि मधे तुम्ही. मला विचाराल तर पार्ट त्यालाच आणू द्या, मात्र कंपनी तुम्ही सांगा आणि पार्टचं बिल तुमच्या नावावर घ्या. गेट्स, कॉन्टिटेक, डेको, आयएनए, एसकेएफ ही बेल्ट-टेन्शनरमधली चालणारी नावं, नाहीतर गाडीच्या कंपनीचा ओरिजिनल.

डुप्लिकेट ओळखायला खोका तुमच्यासमोर उघडायला सांगा. एमआरपीचं लेबल, पार्ट नंबर आणि बेल्टवर छापलेला नंबर जुळायला हवा. छपाई बोटाने चोळून निघत असेल, बेल्ट घडी घालून रबरबँडने बांधलेला असेल, तर परत करा. टायमिंग बेल्ट घडी घालायचा, पिळायचा नसतो, आतल्या दोऱ्या तुटतात.

१०. काम चालू असताना तिथे थांबून मी काय बघू?

सगळा दिवस डोक्यावर उभं राहू नका, कामात चुका होतात. तीन वेळा हजर राहा. एक, कव्हर निघाल्यावर, जुना बेल्ट आणि सील बघायला, फोटो काढून ठेवा. दोन, नवा बेल्ट चढवल्यावर. इथे जे बघायचं ते असं: मेस्त्री लॉकिंग पिना काढतो, क्रँकच्या बोल्टला पाना लावतो आणि हाताने, सावकाश, इंजिन फिरतं त्याच दिशेने दोन पूर्ण फेरे देतो. खुणा परत समोरासमोर यायला पाहिजेत, पिना परत आपल्या जागी सहज बसायला पाहिजेत. फिरवताना मधेच कडक अडलं तर थांबतो, जोर लावत नाही, परत सोडून बघतो. हे न करता थेट चावी मारणारा माणूस तुमच्या इंजिनावर जुगार खेळतोय. तीन, शेवटी. बऱ्याच गाड्यांत या बाजूचं इंजिन माउंटिंग काढावं लागतं, तर ते टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) घट्ट केलंय का विचारा, कव्हरचे सगळे बोल्ट परत बसलेत का बघा, आणि कूलंटमधली हवा काढून फॅन लागेपर्यंत गाडी चालू ठेवायला सांगा.

जाताना बॉनेटखाली तारीख आणि किलोमीटर लिहिलेला स्टिकर लावून घ्या.

११. बिल पक्कं घ्यावं का? जीएसटीने महाग पडतं.

पार्टचं पक्कंच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या ऑटो पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी बऱ्याच पार्टवर २८ होता, म्हणजे "बिल घेतलंत तर २८ टक्के जातील" हे आता कोणी सांगत असेल तर जुनी गोष्ट सांगतोय. मजुरीचं म्हणाल तर वर्षाला २० लाखाच्या आत उलाढाल असलेल्या मेस्त्रीला बहुधा जीएसटी नोंदणी नसते, त्याच्याकडून साध्या कागदावर सही-तारखेसह लिहून घ्या: गाडी नंबर, किलोमीटर, काय काय बदललं, मजुरी किती, किती महिन्यांची हमी. पैसे यूपीआयने द्या म्हणजे तोही पुरावा. हा कागद प्रश्न १९ मध्ये लागेल.

१२. कधी करून घ्यावं? गणपतीला मुंबईहून सगळे येणार आहेत.

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस सोडून कधीही. त्या दिवसांत प्रत्येक गॅरेज भरलेलं असतं, चाकरमान्यांच्या गाड्या येण्याआधी गावच्या गाड्या तयार करायच्या असतात, आणि घाईत नको असलेलं काम म्हणजे हेच. शिमग्यातपण नको, पालखी दारात असताना मेस्त्री गॅरेजला सापडणार नाही आणि सापडला तरी त्याचं लक्ष नसेल. पाऊस सुरू व्हायच्या आधी, नाहीतर दिवाळी ते शिमगा मधला काळ चांगला.

१३. मी ठाण्यात, गाडी गावी, आईबाबा सत्तरीचे. फोनवरून कसं करून घेऊ?

होतं, फक्त बाबांना मधे अडकवू नका. मेस्त्रीशी तुम्ही थेट बोला, पार्टची यादी आणि भाव व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, पार्टचे पैसे दुकानदाराला थेट पाठवा. प्रश्न १० मधल्या तीन वेळांना त्याला व्हिडिओ कॉल करायला सांगा, दोन फेऱ्यांचा व्हिडिओ तर हवाच. जुने पार्ट बाबांच्या पडवीत आणून ठेवायचे. गाडी न्यायला-आणायला शक्यतो मेस्त्रीच्याच माणसाला पाठवा आणि किलोमीटरचा फोटो आधी-नंतर घ्या. मजुरी बाबांनी गाडी एकदा बाजारापर्यंत फिरवून आणल्यावर द्या, तसं आधीच ठरवा म्हणजे वाईटपणा नाही.

१४. मुंबईहून सेकंड हँड गाडी आणलीय, मालक म्हणाला बेल्ट बदललाय.

बिल असेल तर बदललाय. नसेल तर नाही बदलला असं धरून किट टाकून मोकळे व्हा. मीटर मागे फिरवलेल्या गाड्या आपल्याकडे पुष्कळ येतात, त्यामुळे "पन्नास हजारच पळालीय" वर जाऊ नका. तसंच खरोखर कमी पळालेल्या गाडीचं, वर्षातून गणपती-मे महिन्यात चालणारी आणि बाकी वेळ मांगरात उभी असलेली गाडी बारा वर्षांत तीस हजार झाली असली तरी बेल्ट बारा वर्षांचाच असतो. अशा गाडीत उंदराने टायमिंग कव्हरमध्ये घरटं केलेलं सापडतं, भाताचा तूस, चिंध्या, सगळं. बराच काळ उभी असलेली गाडी सुरू करण्याआधी वरचं कव्हर उघडून बघून घ्या.

१५. गाडी पुरात उभी होती. बेल्टला काही होतं का?

होतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडला पाणी भरलं तेव्हा शेकडो गाड्या चिखलात गेल्या, आणि लोकांचं लक्ष सीट, वायरिंग, ईसीएमवर (इंजिनाच्या कॉम्प्युटरवर) होतं, जे बरोबरच होतं. पण पुराचा चिखल टायमिंग कव्हरच्या आत जातो, सुकला की बारीक वाळू दातांत घासत राहते, आणि टेन्शनर-आयडलरच्या बेअरिंगमधलं ग्रीस जातं. त्यामुळे इंजिन बुडालेल्या गाडीचं पूर्ण किट बदला, किलोमीटर कितीही असोत. पाणी उतरल्यावर चावी फिरवू नका, आधी गाडी टो करून न्या. विम्याचा दावा करणार असाल तर सर्व्हेयर बघून जाईपर्यंत काही खोलू नका, आणि बेल्ट-बेअरिंगचं अंदाजपत्रकात वेगळं लिहायला लावा.

१६. घाटात चालता चालता बेल्ट तुटला तर त्या क्षणी काय करायचं?

आधी माणसं, मग इंजिन. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत एक-दोन दाबांत संपते, म्हणून ब्रेक पंप करू नका, एकदाच ठाम दाबून धरा, क्लच दाबा किंवा न्यूट्रल करा, हँडब्रेक हळूहळू ओढा, डोंगराच्या बाजूला थांबा. पार्किंग लाइट, मागे त्रिकोण, चाकाला दगड. परशुराम नाहीतर कशेडी घाटाच्या वळणावर मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसत नाही, तेव्हा सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्याच्या आत उभं करा.

मग परत परत स्टार्टर मारू नका. नेहमीपेक्षा हलका, सरसर फिरल्यासारखा आवाज येत असेल तर बेल्ट गेलाय असं समजा. आणि धक्का तर अजिबात नको. मदतीला लोक धावतात, चार जण मागे लागतात, "सेकंडला टाका आणि क्लच सोडा" सांगतात, मनापासून सांगतात, पण तेव्हाच न वाकलेले व्हॉल्व्हपण वाकतात. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुठेही ११२. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर टोइंग त्यातून मिळतं, बेल्टचं नुकसान मात्र नेहमीच्या पॉलिसीत मिळत नाही, यांत्रिक बिघाड आणि झीज त्यात धरत नाहीत.

१७. बेल्ट तुटला, मेस्त्री म्हणतो इंजिनच खोलावं लागेल. खरं असेल का?

असू शकतं, पण पुरावा मागा. हेड उतरवायच्या आधी स्पार्क प्लग किंवा इंजेक्टरच्या भोकातून कॅमेरा टाकून बघता येतं, किंवा बेल्ट तात्पुरता बसवून हाताने फिरवून सिलेंडरचं कॉम्प्रेशन तपासता येतं. ज्या सिलेंडरला दाब नाही तिथले व्हॉल्व्ह वाकले असणार. मग हेड उतरवणं आलंच. पण "पूर्ण इंजिन ओव्हरहॉल, रिंग-पिस्टन सगळं" हे लगेच मान्य करू नका, बऱ्याचदा हेडपुरतं काम असतं. वाकलेले व्हॉल्व्ह हातात घेऊन बघा, हेड मशीन शॉपला गेलं तर तिथली पावती मागा. हेड गास्केट नवीनच हवं, आणि हेडचे बोल्ट कंपनीने एकदाच वापरायचे सांगितले असतील तर तेपण. अशा वेळी दुसरं मत घ्यायला टोइंगचे दोन-तीन हजार गेले तरी चालतील.

१८. बेल्ट बदलल्यापासून पिकअप कमी झालाय, धूरपण येतो.

एक दात चुकला असण्याची शक्यता आहे. उशिरा स्टार्ट, ओढ नाही, चेक इंजिनचा दिवा, थरथर, ही लक्षणं. "चालवा, सेट होईल" हे ऐकू नका, टायमिंग आपोआप सेट होत नाही. गाडी जास्त न चालवता त्याच मेस्त्रीकडे जा, कव्हर उघडून खुणा दाखवायला सांगा. नवीन घरघर येत असेल तर बहुधा बेल्ट जास्त ताणलाय, ते बेअरिंग खातं. आणि इंजिन तापत असेल तर बहुधा कूलंटमध्ये हवा राहिलीय.

१९. मेस्त्री चूक मानतच नाही. आता?

आधी शांतपणे, दुसऱ्या गॅरेजकडून काय चुकलंय ते लेखी आणि फोटोसह घ्या, पण दुरुस्ती करायच्या आधी पहिल्याला कळवा, त्याला बघायची संधी द्या. गावातल्या गावात बहुतेक वेळा मजुरी परत किंवा काम परत यावर मिटतं, दोघांच्या ओळखीचा एखादा जाणता माणूस मधे घेतला तर लवकर मिटतं. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, सिंधुदुर्गवाल्यांना ओरोस, रत्नागिरीवाल्यांना रत्नागिरी. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. वकील लागतोच असं नाही, कागद मात्र लागतात.

२०. माझी फोर्ड पेट्रोल आहे, मेस्त्रीला बाहेरून बेल्टच सापडत नाही!

बरोबर आहे. फोर्डच्या तीन सिलेंडरच्या ड्रॅगन पेट्रोल इंजिनात, म्हणजे फ्रीस्टाइल, नंतरची फिगो आणि २०१७ नंतरची इकोस्पोर्ट १.५, बेल्ट ऑइलमध्येच भिजलेला चालतो. तर प्रश्न ४ मध्ये लिहिलेलं "ओला बेल्ट म्हणजे खराब" इथे लागू नाही. इथे सगळा खेळ ऑइलचा आहे. पुस्तकात दिलेल्या ग्रेड आणि स्पेसिफिकेशनचंच ऑइल, वेळेवर. चुकीच्या ऑइलने बेल्टचा थर सुटतो, त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि ऑइलचा दाब पडतो. ऑइलचा दिवा लुकलुकला तर लगेच इंजिन बंद. हे काम वेगळं आहे, खास हत्यारं लागतात, ज्याने हेच इंजिन आधी उघडलंय त्याच्याकडेच द्या, लांब जावं लागलं तरी.

२१. सीएनजी टाकलाय, बेल्ट लवकर जातो का?

सीएनजीमुळे वेगळा असा नाही जात. पण सीएनजीवर गाडी जास्त पळते, आणि लोक सर्व्हिस विसरतात, त्यामुळे किलोमीटर कधी उलटले ते कळत नाही. रिक्षा-टूरिस्टवाल्या ओम्नी आणि अल्टो असतील तर मीटरवर लक्ष ठेवा, मीटर बंद असेल तर आधी तो दुरुस्त करा.